चारशे बारा घरं आणि एक काळी खिडकी

कुलवृत्तांताचं काम काकांनी माझ्या हाती सोपवलं तेव्हा सोबत एक जुना संगणक आला, बिस्किटांच्या डब्यात भरलेले सहा पेनड्राइव्ह आले आणि एक वाक्य आलं. "सूची नीट कर गं. सूची चुकली की माणूस पुस्तकात असूनही सापडत नाही."

काकांचं सूचीवरचं प्रेम जुनं आहे. आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात. तिथून मांडवीकडच्या सेंट्रल लायब्ररीत ते शाळेपासून जायचे. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि संस्थानातल्या ग्रंथालयांची घडी बसवायला घेतली, ही गोष्ट काका घरच्या गोष्टीसारखी सांगत. कार्डांचा खण ओढून दोन मिनिटांत हवं ते पुस्तक काढता येतं, याचं त्यांना आजही कौतुक वाटतं. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून काम माझ्याकडे.

घराण्याची ४१२ घरं. दर घराची एक फाइल. नातेवाइकांनी जसं जमेल तसं पाठवलेलं: कुणी वर्डमध्ये टंकून, कुणी ईमेलमध्ये, कुणी व्हॉट्सॲपवर, आणि उरलेलं काकांनी पोस्टकार्डांवरून स्वतः टंकलेलं. काकांची शिस्त मात्र एकच होती. प्रत्येक फाइलमध्ये, माहिती मिळाली असेल तेवढ्या, ठरलेल्या ओळी असायच्या. "शाखा:" या शब्दानं एक ओळ, "कर्ता:" एक, "पत्नी:" एक, "माहेर:" एक. ही शिस्त पुढे किती उपयोगी पडणार होती, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नसावं.

सुरुवातीला मी माउसनंच काम केलं. फाइल उघडायची, शोधायची, वहीत नाव लिहायचं, बंद करायची. दिवसाला वीस फायली झाल्या तरी खूप. मध्येच एखादं पान वाढलं की पुढचे क्रमांक बदलायचे, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवसांनी मी पुण्याच्या भाच्याला फोन केला. त्यानंच त्या जुन्या संगणकावर विंडोजऐवजी उबंटू ही प्रणाली घालून दिली होती. तो म्हणाला, "मावशी, तू टर्मिनल उघड, म्हणजे आज्ञा टंकायची काळी खिडकी. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाब. मी सांगतो ते लिहून घे."

म्हणून माझ्या वहीत सगळ्या आज्ञा देवनागरीत आहेत, जशा फोनवर ऐकल्या तशा. "एलएस: इथे काय काय आहे. सीडी: त्या फोल्डरमध्ये जा. डब्ल्यूसी, जागा, वजा एल: ओळी मोज." 'जागा' हा शब्द मी लाल शाईनं लिहिला आहे, कारण पहिल्या आठवड्यातल्या निम्म्या चुका जागा सोडण्याच्याच होत्या. फाइलच्या नावात मोकळी जागा असली तर संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. यावर सोपा इलाज आहे. नावाची पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबायचा, पुढचं नाव तो स्वतः नीट पूर्ण करतो. आज्ञा रोमन लिपीत आणि शोधायचा शब्द मराठीत, म्हणून विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबून कळफलक सारखा बदलावा लागतो. चार दिवसांत हात बसतो.

आणखी एक गोष्ट, जिनं मला तासभर रडकुंडीला आणलं. सवयीनं मी कंट्रोल एस दाबलं, जतन करायला. टर्मिनल थिजलं. काही टंकलं तरी दिसेना, संगणक बिघडला असंच वाटलं. टर्मिनलमध्ये कंट्रोल एस म्हणजे 'थांब', आणि कंट्रोल क्यू दाबलं की सगळं पुन्हा सुरू होतं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे आवर्जून लिहिते.

पहिलं काम वर्डच्या फायली साध्या मजकुरात आणणं. लिब्रेऑफिस हे वर्डसारखंच सॉफ्टवेअर, ते खिडकी न उघडता आज्ञेवरही चालतं. एका ओळीत सगळ्या फायली बदलून दुसऱ्या फोल्डरमध्ये आल्या. मी चहा टाकून परत येईपर्यंत काम संपलं होतं. मूळ फायलींचा फोल्डर भाच्यानं सीएचमॉड या आज्ञेनं फक्त वाचण्यापुरता करून घेतला, म्हणजे चुकूनही हात लागायला नको. सर्वांत जुन्या काही फायली मात्र युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीच्या, आधीच्या फाँटमधल्या निघाल्या. त्या उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्या मी सरळ पुन्हा टंकल्या.

मग आलं ग्रेप. ग्रेप म्हणजे फायलींमध्ये शब्द शोधणं. १९७३ पासूनची आज्ञा आहे ही, मी तेव्हा दुसरीत होते. 'ग्रेप, वजा आर, अवतरणात शब्द, टिंब' एवढं लिहिलं की सगळ्या फोल्डरमधल्या ज्या ज्या ओळीत तो शब्द आहे, ती ओळ फाइलच्या नावासकट समोर येते. ४१२ फायली, आणि उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. पंधरा दिवसांच्या वहीकडे पाहून मला त्या वेळी काय वाटलं असेल, ते ज्यानं असं काम हातानं केलंय त्यालाच कळेल.

मी काकांना म्हटलं, "काका, विचारा काहीही."

ते म्हणाले, "कऱ्हाडची शाखा बघ. चौतीस घरं आहेत."

मी 'कऱ्हाड' शोधलं. अकरा ओळी आल्या.

काकांच्या चेहऱ्यावरचा भाव मला आवडला नाही. ते काही बोलले नाहीत, पण तेवीस घरं कुठे गेली हा प्रश्न दोघांच्याही मनात होता. मी एकेक फाइल उघडून पाहिली. 'शाखा: कऱ्हाड' स्पष्ट लिहिलेलं होतं. डोळ्यांना दिसत होतं, पण ग्रेपला सापडत नव्हतं.

त्या रात्री भाच्यानं फोनवर जी आज्ञा सांगितली, ती या सगळ्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटते. आधी ग्रेपनं सगळ्या फायलींतल्या 'शाखा:'नं सुरू होणाऱ्या ओळी काढायच्या, वजा एच लावून, म्हणजे फाइलचं नाव येत नाही. मग उभी रेघ. ती रेघ म्हणजे पाइप, एका आज्ञेचं उत्तर पुढच्या आज्ञेच्या हाती देणारी. मग सॉर्ट, म्हणजे क्रम लावणं. पुन्हा रेघ. मग युनिक, शेवटी क्यू, आणि वजा सी. ही सारख्या ओळी एकत्र करते आणि त्या किती आहेत ते आकड्यात सांगते. युनिक फक्त लागोपाठच्या ओळी ओळखते, म्हणून आधी सॉर्ट हवंच. दोन्हींच्या आधी त्यानं 'एलसी अधोरेषा ऑल बरोबर सी' असं लिहायला लावलं, म्हणजे अक्षरं भाषेच्या नियमानं नाही, तर आत जशी साठवली आहेत तशीच तपासली जातात. टर्मिनलमध्ये आपली जोडाक्षरं अनेकदा विस्कटलेली दिसतात, म्हणून उत्तर एका फाइलमध्ये काढलं आणि ती फाइल संपादकात उघडली.

यादीत कऱ्हाड तीनदा होतं. एकासमोर ११, दुसऱ्यासमोर २०, तिसऱ्यासमोर २. तिसरं नीट पाहिल्यावर कळलं, तिथे रफार पडून 'कर्हाड' झालं होतं, टंकनाची चूक. एका घरानं 'कराड' लिहिलं होतं, तेही मिळालं. अकरा, वीस, दोन आणि एक. चौतीस! पण पहिली दोन? मी भिंग घेऊन पाहिली. मात्रेचाही फरक नव्हता.

"मावशी, दोन्ही वेगळी आहेत," भाचा म्हणाला. "आतून."

मराठीतला हा डोळ्यांच्या पापणीसारखा अर्धा र आपण दोन प्रकारे टंकतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते शिफ्ट आणि जे दाबून मिळतं. दुसरा, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. ते पडद्यावर जागाही घेत नाही. काकांनी टंकलेलं पहिल्या प्रकारचं, नातेवाइकांकडून आलेलं बहुतेक दुसऱ्या. एक्सएक्सडी नावाची आज्ञा अक्षराच्या पोटातले आकडे दाखवते. तिच्यात ते न दिसणारं चिन्ह तीन जोड्यांत उघडं पडलं: ई-दोन, आठ-शून्य, आठ-डी. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं मी. दिसायला एक आणि असायला दोन, असं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मग धास्ती बसली. कऱ्हाड हे एक गाव. पण गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाणपूर? 'ॲ'चंही तसंच. २००८ साली युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आलं, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, अजूनही लिहितात. म्हणजे 'ॲडव्होकेट' शोधला तर निम्मे वकील गायब. संगणकावर मराठीत ज्यांचं काही साठवलेलं आहे, त्या प्रत्येकानं हे एकदा तपासावं असं मला मनापासून वाटतं.

बदल करायला सेड. इथे मात्र भाच्यानं मला दोन नियम घालून दिले. आधी ग्रेपनं पाहायचं की नेमकं काय काय बदलणार आहे, आणि मगच सेड. दुसरं, सेडला नुसतं वजा आय द्यायचं नाही, वजा आयला चिकटून टिंब-बॅक द्यायचं, म्हणजे प्रत्येक फाइलची जुनी प्रत शेजारी राहते. न दिसणारं चिन्ह टंकणार कसं? त्यासाठी डॉलर, मग एकेरी अवतरण, आत उलटी तिरकी रेघ, यू, आणि दोन-शून्य-शून्य-डी. एंटर दाबताना हात थरथरला. काहीच आलं नाही, नुसती पुढची रिकामी ओळ. टर्मिनल गप्प राहिलं तर सहसा काम झालेलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुन्हा मोजलं. ११ आणि २० मिळून ३१ झाले होते. उरलेली तीन हातानं नीट केली.

आता माझी चूक सांगते, कारण ती अनेकांची होऊ शकते. नावांची यादी तयार झाली होती, दीड हजारावर नावं, काकांशी बोलून तीन आठवडे दुरुस्त केलेली. क्रम लावायचा म्हणून मी सॉर्ट लिहिलं, फाइलचं नाव लिहिलं, मग उजवीकडे बाण आणि पुन्हा तेच नाव. उत्तर त्याच फाइलमध्ये यावं म्हणून. फाइल उघडली तर कोरी. बाण दिला की संगणक आधी ती फाइल रिकामी करतो आणि मग सॉर्ट वाचायला जातो, तोवर वाचायला काही उरलेलं नसतं. कचरापेटीतही काही नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि तिथेच पाटावर बसले. काकूंनी विचारलं तेव्हा सांगवेना.

चार दिवसांपूर्वीची प्रत पेनड्राइव्हवर सापडली. चार दिवसांचं काम पुन्हा केलं. त्यानंतर वहीत पहिल्या पानावर तीन ओळी आल्या. त्याच फाइलमध्ये क्रम लावायचा तर सॉर्टला वजा ओ द्यावं, ते सुरक्षित आहे. सकाळी पहिल्यांदा 'सेट, वजा ओ, नोक्लॉबर' लिहावं, मग आधीपासून असलेल्या फाइलवर बाण चढत नाही, संगणक तक्रार करतो. आणि काढून टाकायला आरएमऐवजी 'जीआयओ ट्रॅश', कारण आरएमनं गेलेलं कचरापेटीत जात नाही. शिवाय संध्याकाळी काम थांबवताना सगळ्या फोल्डरची तारखेसकट प्रत. ही आज्ञा लांब आहे, पण पाठ करावी लागत नाही. कंट्रोल आर दाबून पहिली दोन-तीन अक्षरं लिहिली की जुनी आज्ञा वर येते.

क्रमातला 'ळ' मात्र मी हातानंच बसवला. आतल्या क्रमांकाप्रमाणे तो 'ल'च्या मागे लागतो, आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर. काकांना 'ल'च्या शेजारचा 'ळ' चालणार नव्हता, आणि मलाही.

शेवटी राहिली ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. ग्रेपला मोठं एल दिलं, वजा एल, तर ती उलटं सांगते: कोणत्या फायलींत हा शब्द नाही. मी 'माहेर:' विचारलं. त्रेसष्ट फायली. त्रेसष्ट घरांत सून आली, तिची मुलं-नातवंडं नोंदली गेली, आणि तिचं माहेर कुणी लिहिलंच नाही. काही घरांत लग्नात नावही बदललेलं, म्हणजे तिचं स्वतःचं असं काहीच उरलं नव्हतं पुस्तकात.

ती यादी मी छापून घेतली आणि फोन सुरू केले. इंदूर, ग्वाल्हेर, नाशिक, धार. लोक आधी म्हणायचे, "आता कुठे आठवणार?" मग रात्री परत फोन यायचा. ग्वाल्हेरच्या आत्या अठ्ठ्याऐंशीच्या. त्यांनी एकाच बैठकीत सात जणींची माहेरं सांगितली, गावासकट, आणि त्यातल्या एकीचं लग्नाआधीचं नावही. "तिला आम्ही शेवटपर्यंत दुर्गीच म्हणायचो," त्या म्हणाल्या. एक माहेर आलं की मी फाइलमध्ये ओळ लिहायची आणि पुन्हा तीच आज्ञा चालवायची. त्रेसष्टाचे चाळीस झाले, मग सतरा, मग नऊ.

आता चार उरल्या आहेत. त्यांना ओळखणारं कुणी राहिलेलं नाही. छापखान्यातून विचारणा झाली, तिथे 'माहेर: उपलब्ध नाही' असं घालून मोकळं व्हायचं का. मी नाही म्हटलं. ती ओळ घातली की ग्रेपच्या लेखी त्या भरल्या गेल्या, पुन्हा कधी यादीत येणार नाहीत. म्हणून त्या चार फायली मी तशाच ठेवल्या आहेत. रोज सकाळी आज्ञा चालवते, आणि चारही घरांची नावं समोर येतात.