पॅसेजची फरशी : आठवा दिवस, आणि एक बसलेली टाइल फोडली

५६ पैकी ५३ टाइल्स बसल्या, तीन राहिल्यात. बसलेल्यांतली एक काल फोडून काढली आणि पुन्हा लावली. ही नोंद बहुतेक तिच्यावरच खर्ची पडणार.

आधीचं थोडक्यात. कोब्यावर दोन मीटरची पट्टी सगळीकडे फिरवली. एके ठिकाणी पट्टीखाली ५ मिलिमीटर फट दिसली. पट्टीखाली ३ मिलिमीटरपर्यंत चालतं, त्याहून जास्त चढउतार अ‍ॅडहेसिव्हच्या (टाइल चिकटवायच्या मालाच्या) जाडीत लपवायला जाऊ नये. खड्डा आधी भरला, वाळू दिला. मग कोरडी मांडणी, म्हणजे माल न लावता टाइल्स नुसत्या मांडून बघणं. रुंदी ११० सेंटीमीटर, टाइल ३० बाय ३० ची, सांधा ३ मिलिमीटर. एका भिंतीपासून सुरू केलं असतं तर भिंतीलगतची फट सोडून पलीकडे १८ सेंटीमीटरची पट्टी उरली असती. मध्यावर रेघ मारून दोन्ही बाजूंना २४-२४ चे तुकडे घेतले. डोळ्यांना बरं वाटतंच, शिवाय भिंत वाकडी असेल तर तो वाकडेपणा दोन्हीकडे वाटला जातो. (माझी आहे. जुन्या घरातली भिंत सरळ निघाली तरच आश्चर्य मानावं.) काटकोनासाठी गुण्या अपुरा पडतो, म्हणून ६०-८०-१०० चा त्रिकोण मापून घेतला.

आता ती टाइल. सांधे भरायच्या आधी थापीच्या लाकडी मुठीने एकेक टाइल ठोकत गेलो. टक, टक, टक, आणि तिसऱ्या रांगेत एकदम ढब्ब. कोपऱ्यात नाही, अर्ध्याहून जास्त टाइल पोकळ बोलत होती. मधोमध फोडून, छिन्नी आडवी धरून तुकडे उचलले. खाली काय दिसावं? दात्यांच्या थापीने ओढलेल्या रेघा जशाच्या तशा उभ्या, कंगव्याच्या दातांसारख्या. टाइलची पाठ जवळपास कोरी, नुसत्या पुसट पांढऱ्या रेषा. म्हणजे माल टाइलला लागलाच नव्हता.

कारण आठवायला वेळ लागला नाही. त्या दिवशी उत्साहात सहा टाइल्सचा माल एकदम पसरला आणि तेवढ्यात फोन आला. परत येईपर्यंत वरून साय धरली होती. आतून मऊ असल्यामुळे टाइल दाबली की बसल्यासारखी वाटते, पण चिकटत नाही. तेव्हापासून नियम एकच: टाइल ठेवण्याआधी मालाला बोट लावायचं. बोटाला चिकटला तर ठीक, नाही तर खरवडून फेकायचा. वरून पाणी शिंपडून त्याला जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. आता मी एका वेळी दोनच टाइल्सपुरता पसरतो.

दुसरी सवय, दर सात-आठ टाइल्सनंतर नुकतीच बसवलेली एक उचलून पाठ बघणे. घरातल्या कोरड्या जागी निदान ८० टक्के पाठ भरलेली हवी, बाथरूमसारख्या ओल्या जागी ९५. रेघा गोल गोल फिरवून ओढल्या तर हवा आत अडकते. सगळ्या एकाच दिशेने सरळ ओढायच्या आणि टाइल रेघांना आडवी जराशी सरकवून दाबायची, म्हणजे रेघा मोडतात. पाठीवरही पातळ हात फिरवला तर उत्तम. चार कोपऱ्यांत आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून वरून ठोकायची जुनी पद्धत मला अजिबात पटत नाही. गोळ्यांमधल्या पोकळीवर जड वस्तू पडली की टाइल गेलीच.

नवी टाइल लावून २४ तास थांबलो आणि आज सांधे भरले. इथे चूक एकच केली, पहिल्यांदा कालवलेल्या ग्राउटमध्ये (सांधे भरायच्या मालात) पाणी जास्त झालं. तेवढे दोन सांधे फिके वाळलेत आणि नखाने भुकटी निघते, ते पुन्हा करावे लागणार. रबरी थापी सांध्यांना तिरकी चालवायची, नाही तर तीच भरलेलं ओढून बाहेर काढते. स्पंज घट्ट पिळलेला हवा. भिंतीलगतची फट मुद्दाम मोकळी ठेवलीय. फरशी तापमानाप्रमाणे थोडी हलते, तिथे कडक ग्राउट भरलं तर भेगा येतात. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी) त्या फटीवर झाकण बसवेल.

निगेबद्दल काहींनी विचारलं होतं. चकचकीत थर असलेल्या सिरॅमिक टाइलला सीलर (पाणी आत मुरू न देणारं द्रावण) लागत नाही, सिमेंटच्या ग्राउटला लागतो. सांध्यावर पाण्याचा थेंब टाका. ग्राउट काळपट पडलं तर पाणी आत जातंय. आणि अ‍ॅसिडने फरशी धुणं बंद करा, व्हिनेगरसुद्धा नको. डाग जातो, त्यासोबत ग्राउटही थोडं थोडं जातं. साधं सौम्य क्लीनर आणि मऊ ब्रश पुरतो.

राहिलेल्या तीन टाइल्स दाराच्या चौकटीभोवतीच्या, एल आकाराच्या. ग्राइंडरने कापताना आतल्या कोपऱ्यापासून तडा जाऊन दोन वाया गेल्या. उद्या आधी त्या कोपऱ्यात ६ मिलिमीटरचं भोक पाडून मग दोन्हीकडून त्या भोकापर्यंत कापणार आहे. पाणी मारत, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावून. जादा टाइल्स आता चारच उरल्यात.