व्हीलचेअरवरून ॲजिलिटी शो: ओल्या गवतातले दोनशे मीटर

इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये एका शेतावर भरलेल्या तीन दिवसांच्या ॲजिलिटी शोहून, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या स्पर्धेहून, मी आणि माझी कुत्री चिंगी कालच घरी परतलो. माझे खांदे अजून भरून आलेले आहेत, म्हणून आधी निष्कर्ष सांगते: ‘अपंगांसाठी सोय आहे’ एवढ्या एका ओळीपलीकडे शेड्यूलमध्ये (शोच्या माहितीपत्रकात) काही लिहिलेले नसेल, तर चौकशी केल्याशिवाय एन्ट्री भरू नका.

शुक्रवार सुरळीत गेला. रात्री पाऊस पडला आणि शनिवारी सकाळी पार्किंगपासून सहाव्या रिंगपर्यंतचे (स्पर्धेच्या आखलेल्या मैदानापर्यंतचे) जेमतेम दोनशे मीटर पार करायला मला पंचवीस मिनिटे लागली. गवत कापून तिथेच टाकलेले होते, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी साचले होते आणि रिंगच्या तोंडाशी खुर्चीची पुढची लहान चाके चिखलात अशी रुतली की एका अनोळखी बाईंनी मला मागे ओढून काढले. तोवर कोर्स पाहण्याची वेळ संपत आली होती. इतरांनी वीस अडथळ्यांचा क्रम चार-चार वेळा चालून पाठ केला. मला एकच फेरी मिळाली, आणि सातव्या जंपच्या कडेचा खांब व टनेल यांच्यामधून खुर्ची जात नाही हे कळले ते प्रत्यक्ष रनमध्येच. हँडलरने, म्हणजे कुत्र्याला इशारे देणाऱ्याने, कुत्र्याला किंवा अडथळ्याला हात लावायचा नसतो. त्यामुळे मी तिथे अडकले आणि चिंगी भलत्याच टनेलमध्ये शिरली.

हा खेळ 1978 साली क्रफ्ट्स या ब्रिटनमधल्या मोठ्या डॉग शोमध्ये घोड्यांच्या शो-जंपिंगवरून सुरू झाला. त्यात धावायचे असते ते कुत्र्याने. हँडलरने शेजारून पळालेच पाहिजे, असा नियम नाही. मात्र दुरून दिलेली हाक कुत्र्याच्या अंगवळणी पडलेली हवी. ती तयारी घरीच करून या.

रिंगजवळ गाडी लावू देण्याचे माझ्याकडून दहा पौंड जादा घेतले. मागे रांग होती, म्हणून मी दिले. तुम्ही देऊ नका. 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्ट या इथल्या समानतेच्या कायद्यानुसार अशा वाजवी सोयीचा खर्च अपंग व्यक्तीकडून वसूल करता येत नाही.

शोच्या सेक्रेटरींना निदान दोन आठवडे आधी लेखी विचारा: पक्क्या रस्त्यालगतची रिंग मिळेल का, रिंगच्या तोंडाशी मॅट टाकाल का, कोर्स पाहायला गर्दीआधी पाच मिनिटे द्याल का, रांगेत ताटकळत न ठेवता नंबर घ्याल का, आणि शौचालयाला रॅम्प आहे की पायरी. खुर्चीला पुढे जोडायचे मोठे चाक असेल तर ते आणाच. मी ते घरी ठेवून गेले, ही माझी चूक.

रविवारच्या जजनी मी न मागताच मला आधी कोर्स पाहू दिला आणि त्या गटाची स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच सर्वांसाठी एक टनेल हातभर सरकवला. बारा वीव्ह पोल (ओळीतले खांब, ज्यांमधून नागमोडी जायचे असते) चिंगीने माझ्यापासून आठ-नऊ मीटरवर एकटीने पार केले, शेवटच्या खांबातून बाहेर पडताच मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि माझ्या हाकेसरशी शेवटची जंप घेतली. आमचा पहिला क्लिअर राउंड, एकही चूक न झालेली फेरी! पुढच्या महिन्यातल्या शोच्या सेक्रेटरींना मी आज सकाळीच पत्र पाठवले आहे. उत्तर आले की एन्ट्री भरीन.