सोललेला बदाम

"बाळ सव्वा वर्षाचं झालं. रात्री भिजवून सोललेला एक बदाम सकाळी हातात दिला तर चालेल ना?" पाळणाघरात मूल सोडायला येणारी प्रत्येक आई मला हे कधी ना कधी विचारते. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

बदाम जरूर द्या, अख्खा देऊ नका. सोललेला बदाम बुळबुळीत असतो, चावण्याआधीच घशाकडे सरकतो. कठीण दाणा दळायला मागच्या दाढा लागतात आणि त्या दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येतात. नीट चावून खाण्याची सवय तर त्याहून उशिरा लागते. म्हणूनच डॉक्टर 4-5 वर्षांपर्यंत अख्खे दाणे नको म्हणतात.

माझा भाचा दीड वर्षाचा होता. हसता हसता शेंगदाणा तोंडात गेला, ठसका लागला, थांबला. आम्ही विसरलो. पुढे खोकला हटेना. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे कळायला वेळ गेला. शेवटी भूल देऊन दुर्बिणीनं श्वासनलिकेतून तुकडा काढला. बहिणीचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही. माझ्याकडे मुलांच्या हाताला फुटाणेसुद्धा लागत नाहीत.

आपल्या आज्या बदाम-खारीक सहाणेवर उगाळून द्यायच्या. सहा महिन्यांच्या आत हल्ली काही चाटवत नाहीत, ते योग्यच. पण दाणा बाळापर्यंत गंधासारखा मऊ होऊन पोचायचा, हे त्यांचं अगदी बरोबर होतं. वरचं खाणं सुरू झालं की बदामाची वस्त्रगाळ पूड नाचणीच्या खिरीत घाला. थोडीच करा, लवकर खवट होते. खारीक रात्रभर भिजवून, बी काढून वाटा. मनुका कुस्करून जेवणासोबतच द्या, दातांना चिकटून राहतात.

ॲलर्जीच्या भीतीनं शेंगदाणा वर्षानुवर्षं टाळू नका. लंडनमधल्या 2015 सालच्या अभ्यासात, ज्यांना धोका जास्त होता अशा बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा सुरू केला, तर पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण जवळपास 80 टक्क्यांनी कमी आढळलं. मात्र बाळाला जोराचा एक्झिमा (खाजरी, कोरडी, लालसर त्वचा) किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बारीक कूट किंवा पातळ केलेलं शेंगदाण्याचं लोणी चिमूटभर, सकाळच्या वेळी द्या. दोन-तीन दिवस दुसरं काही नवं नको. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर डॉक्टरांना गाठा. श्वास लागला तर थेट दवाखाना.

आणि बसवून भरवा. पळत्या मुलाच्या तोंडात काहीच घालू नका.