झीज ज्याची त्याची

‘एवढी महागाची जीन्स घ्यायची, सहा महिने ती अंगाला टोचणार, वर्षभराने कुठे चांगली दिसणार. त्यापेक्षा साधी, स्वस्त, सुटसुटीत पँट का नाही घालत तुम्ही?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय, आणि बहुतेकांनी काळजीपोटी विचारलंय, की दोन वाक्यांत उत्तर देणं बरं वाटत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

साध्या स्वस्त पँटीही मी घालते. आठवड्यातले निम्मे दिवस तरी. भिंतीला रंग द्यायचा असेल, पावसात बाहेर पडायचं असेल, लांबचा प्रवास असेल, तर सुती-पॉलिएस्टरची, कमरेला इलॅस्टिक असलेली पँटच बरी. रात्री धुऊन टाकली की सकाळी वाळलेली असते. डाग पडला तर जीव हळहळत नाही. माझ्याकडे अशा तीन आहेत आणि तिन्ही मला प्रिय आहेत. रोज कपडे धुणं ज्यांना भागच आहे, रुग्णांजवळ किंवा भट्टीजवळ काम करणारे, ज्यांचं वजन सध्या कमी-जास्त होतंय, किंवा ज्यांना एकाच पँटीवर भागवायचंय, त्यांना मी माझ्यासारखी कोऱ्या डेनिमची जीन्स घ्या असं कधीच सांगणार नाही. सोयीचा हिशेब मांडला तर ती हरते.

तरी मी ती घालते, आणि मनापासून घालते. का, ते कळायला आधी ते कापड बघायला हवं.

कोरी डेनिम म्हणजे शिवल्यावर एकदाही न धुतलेली. मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात, ती खळ या कापडात तशीच असते. शिवाय वजन. माझी जीन्स चौरस वाराला १४ औंसांची आहे, म्हणजे चौरस मीटरला साधारण पावणेपाचशे ग्रॅम. अंगातल्या सदऱ्याचं कापड याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास भरेल. पहिल्या दिवशी ती भिंतीला टेकवून ठेवली तर उभी राहत होती. खाली बसताना गुडघ्यामागे कापड पत्र्यासारखं दुमडायचं आणि संध्याकाळी तिथे लाल वळ दिसायचे. कमरेचं बटण लावायला दोन्ही हात आणि थोडा श्वास लागायचा.

आणि मग रंग. निळीचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. सुतावर चढवायची तर रंगाच्या हौदात रसायनं घालून आधी तिचं रूप बदलावं लागतं. त्या हौदातून सूत बाहेर काढलं की ते पिवळट हिरवं दिसतं, आणि हवा लागता लागता डोळ्यांदेखत निळं होत जातं. असं पुन्हा पुन्हा बुडवायचं, पुन्हा पुन्हा हवेत धरायचं. पण इतकं करूनही नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही. बाहेर निळी साल आणि आत पांढरं सूत. त्यातही रंगवतात फक्त उभे धागे, आडवे पांढरेच ठेवतात. विणताना उभा धागा तीन आडव्यांच्या वरून आणि एकाच्या खालून जातो, म्हणून जीन्स बाहेरून निळी आणि आतून पांढुरकी दिसते.

साल घासली की पांढरं वर येतं. जीन्स ‘अंगवळणी पडणं’ म्हणजे शास्त्राच्या भाषेत एवढंच. पण ती घासते कुठे, हे तुमचं शरीर ठरवतं.

मी ग्रंथालयात काम करते. दिवसातून कितीतरी वेळा सगळ्यात खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढायला किंवा लावायला मी जमिनीवर गुडघा टेकते, आणि टेकते तो नेहमी डावा. हे मला माहीतच नव्हतं. जीन्स घालायला लागल्यावर पाचव्या-सहाव्या महिन्यात लक्षात आलं की डाव्या गुडघ्यावर नाण्याएवढा फिकट गोल उमटलाय आणि उजवा अजून गडद आहे. आता तो गोल तळहाताएवढा झालाय. उजव्या मांडीवर कपाटाच्या किल्ल्यांचा ठसा आहे, जुडग्यातली लांब दांड्याची किल्ली स्पष्ट ओळखू येते. जांघेपाशी मिशांसारख्या पांढऱ्या रेघा फुटल्यात, गुडघ्यांमागे मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलीये. माझ्याइतक्याच उंचीच्या, माझ्याच मापाच्या दुसऱ्या कुणी हीच जीन्स घातली असती तर यातलं काहीच इथे नसतं.

आता हे सगळं तयार विकत मिळतं, तेही बहुधा स्वस्तात. मिशा, जाळी, विटलेला गुडघा, फाटकी कडा, सगळं. माझं खरं उत्तर इथे सुरू होतं, कारण माझा आक्षेप स्वस्त कपड्याला नाहीच. तो या तयार झिजीला आहे.

नवं कापड जुनं दिसावं म्हणून कारखान्यात ते घासावं लागतं. पूर्वी प्युमिसचे खरखरीत, सच्छिद्र दगड घालून धुवायचे, ते अजूनही चालतं. त्याहून झटपट आणि स्वस्त पद्धत म्हणजे दाबाच्या हवेने वाळूचा फवारा मारायचा. मांडीवर आणि गुडघ्यावर हवा तसा फिका पट्टा काही क्षणांत तयार. पण त्या फवाऱ्यात वाळूचा जो भुगा होतो तो सिलिकाचा, डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक. तो फुप्फुसात जाऊन बसला की सिलिकोसिस होतो. खाणीत आणि दगडफोडीच्या कामात दिसणारा हा रोग बरा होत नाही. तुर्कस्तानात २००० नंतरच्या दशकात डॉक्टरांना तो जीन्सवर वाळू मारणाऱ्या कामगारांमध्ये सापडला. त्यांत कितीतरी जण विशी-तिशीतले होते आणि बंद खोल्यांत धड मास्कही नसताना काम करत होते. २००९ साली तिथे जीन्सवर वाळू मारायला बंदी आली. पुढच्या वर्षी लिव्हाइज आणि एच अँड एम या मोठ्या कपडे-कंपन्यांनी ही पद्धत सोडत असल्याचं जाहीर केलं. आज अनेक ठिकाणी तेच काम लेझरने आणि ओझोनने होतं, आणि ते नक्कीच बरं आहे. पण दुकानात टांगलेल्या जीन्सचा गुडघा कशाने पांढरा झालाय, ते बघून ओळखता येत नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर तशीच एक जीन्स होती. मांडीवर सुंदर फिका पट्टा असलेली. तो पट्टा मी पाडला नव्हता, कुणाच्या तरी हातांनी पाडला होता. ती जीन्स मी फेकली नाही, फाटेपर्यंत वापरली. पण पुन्हा तशी घेतली नाही. माझ्या गुडघ्याची झीज माझ्याच गुडघ्याने व्हावी, एवढंच मला हवं आहे.

म्हणून मला साधी स्वस्त पँट आणि कोरी डेनिम एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत. साधी पँट जशी आहे तशी दिसते, नवी असताना नवी आणि विटली की विटलेली. कोरी डेनिमही तशीच. दोघी एकाच घरातल्या. मुळात जीन्स जन्माला आली ती कामाची पँट म्हणूनच. अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचे शिंपी होते. लाकूडतोड्या नवऱ्यासाठी मजबूत पँट हवी म्हणून एक बाई त्यांच्याकडे आली. घोड्यांच्या झुलींना ठोकायचे ते तांब्याचे रिव्हेट, म्हणजे कापडातून ठोकून पक्के बसवायचे छोटे खिळे, त्यांनी त्या पँटीच्या खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले, कारण ताण तिथे येतो. पुढे कापडाचे व्यापारी लिव्ही स्ट्रॉस यांच्याबरोबर २० मे १८७३ ला त्याचं पेटंट मिळालं. खिसा उसवू नये, एवढीच त्यामागची कल्पना. माझ्या जीन्सच्या खिशांना आजही ते आहेत आणि किल्ल्यांचा भार झेलत आहेत.

कोऱ्या डेनिमच्या नावाने जे बरंच काही सांगितलं जातं, त्यातलं सगळं मात्र मला पटत नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द तर नाहीच. १८९७ साली बीएएसएफ या जर्मन रसायन-कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आज जवळजवळ सगळी जीन्स त्याच निळीत रंगते, माझीसुद्धा. बंद किनारीचंही तसंच. धोट्याच्या जुन्या मागावर आडवा धागा काठाशी वळून परत येतो, म्हणून काठ उसवत नाही आणि पायाची घडी उलटली की ती किनार छान दिसते. मला ती आवडते. पण किनार बंद आहे म्हणून कापड टिकाऊ असेलच असं नाही. ते सुतावर आणि विणीवर ठरतं.

आणि न धुण्याबद्दल तर मी पोळलेली आहे. पहिल्या जीन्सच्या वेळी मी कुठेतरी ऐकलं होतं की जितकी उशिरा धुवाल तितक्या रेघा ठळक उमटतात. हे खरंही आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने एक जीन्स १५ महिने न धुता घातली होती. मग तिच्यावरचे जिवाणू तपासले, आणि धुऊन १३ दिवस घातल्यावर पुन्हा तपासले, तर आकडे जवळपास सारखेच निघाले. त्यामुळे जंतूंची भीती मला नव्हती. मी आठ महिने धुतली नाही. आठव्या महिन्यात खालच्या कप्प्यापाशी बसले आणि दोन पायांच्या मधली शिवण जिथे मिळते तिथे कापड टरकन फाटलं. शिवण शाबूत होती, तिच्या शेजारचं कापडच विरलं होतं. घाम आणि बारीक धूळ सुतात साचून राहते आणि प्रत्येक पावलाला आतून घासत राहते. तिथे रफूसुद्धा धरत नव्हतं, टाका घातला की शेजारचा धागा सुटायचा. खूप वाईट वाटलं.

आता मी घालण्याआधीच कोमट पाण्यात तासभर भिजवते. खळ निघते, आणि जी काही आटायची ती आटते. कापड आधीच आटवून घेतलेलं असेल तर फरक जेमतेम पडतो, नसेल तर दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं, तेव्हा घेतानाच विचारून माप घ्या. पुढे महिना-दीड महिन्याने उलटी करून थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुते, पिळत नाही, सावलीत वाळवते. पहिले काही महिने फिकट सोफ्यावर आणि पांढऱ्या बुटांवर निळं लागतंच, तेवढं सांभाळते. रेघा थोड्या पुसट येतात. चालतं. आताची ही जीन्स चार वर्षं झाली माझ्याजवळ आहे.

नवी असताना ती पायात लांब होत होती, म्हणून खालून चार बोटं कापली होती. ते दोन तुकडे मी सुयांच्या डब्यात ठेवले. परवा डाव्या गुडघ्याचा गोल उजेडात धरला तर उभे धागे जवळजवळ संपले होते, आडव्या पांढऱ्या धाग्यांची नुसती जाळी उरली होती. डब्यातला एक तुकडा उसवून सपाट केला. चार वर्षं अंधारात राहून तो अजून काळपट निळा होता, हातालाही तसाच करकरीत. आतून लावला, कडेने बारीक टाके घातले. आता त्या पांढऱ्या जाळीतून मागचा गडद निळा दिसतो. उद्या कामावर जाताना तीच घालणार आहे. दुसरा तुकडा डब्यात आहे, उजव्या गुडघ्यासाठी.