बार्कली ते ग्लॉस्टर: दुसऱ्या एडवर्डच्या शेवटच्या वाटेवर

भाची ब्रिस्टलला नोकरी करते. तिच्याकडे गेले तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, बाथला जायचं?" म्हटलं, बाथ पुढच्या खेपेला, आधी मला बार्कलीचा किल्ला दाखव. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याच्याबद्दल वाचल्यापासून तो डोक्यात घर करून बसला होता.

गाडीनं पाऊण तास लागला. सेव्हर्न नदीकाठची कुरणं संपता संपता गुलाबी-करड्या दगडाचा किल्ला समोर येतो. आपल्या गडांसारखी दमवणारी चढण नाही. बार्कली घराण्याकडे तो आजही आहे. आत राजाला जिथे डांबलं होतं ती खोली दाखवतात. जवळच विहिरीसारखा खोल खड्डा आहे. त्यात मेलेली गुरं टाकून त्या घाणीनं कैद्याला मारायचे, अशी गोष्ट सांगतात. मी खाली वाकून पाहिलं आणि लगेच मागे सरले.

एडवर्डचा जन्म 1284 चा, वेल्समधल्या कार्नार्वन किल्ल्यातला. 1307 मध्ये तेविसाव्या वर्षी गादीवर बसला. बाप मोठा लढवय्या; मुलाला मात्र होडी वल्हवायला, खंदक खणायला, छपरं शाकारायला आवडायचं. मजुरांत रमतो म्हणून त्या काळच्या बखरकारांनी त्याला नावं ठेवली आहेत. मला त्याच्याबद्दल माया वाटते ती इथेच. हातानं काम करण्यात सुख मानणारा माणूस त्या गादीवर कसा टिकायचा?

टिकला नाहीच. पिअर्स गॅव्हेस्टन या जिवलगाला त्यानं कॉर्नवॉलचा अर्ल केलं, सरदार चिडले आणि 1312 मध्ये त्यांनी गॅव्हेस्टनला पकडून मारलं. दोन वर्षांनी बॅनकबर्नला स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसनं इंग्रज फौजेची दाणादाण उडवली. 1315 पासून पावसानं पिकं सडली आणि मोठा दुष्काळ पडला. तो दोष राजाचा नव्हता. पण पुढचं त्याचंच आहे. 1322 मध्ये त्यानं आपल्या सख्ख्या चुलतभावाचं, लँकेस्टरच्या थॉमसचं डोकं उडवलं आणि ह्यू डिस्पेन्सर या नव्या लाडक्याला हवं ते लुटू दिलं. माया वाटते म्हणून मी हे झाकणार नाही. शेवटी त्याचीच राणी इझाबेला बंडखोर सरदार रॉजर मॉर्टिमरला घेऊन 1326 च्या सप्टेंबरात समुद्रापलीकडून फौजेसह उतरली. राजासाठी लढायला फारसं कुणी पुढे आलं नाही. 1327 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या मुलासाठी त्याला गादी सोडावी लागली. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राजाला असं खाली उतरवण्याची ही पहिलीच वेळ.

एप्रिलमध्ये त्याला बार्कलीला आणलं. त्याच्या माणसांनी किल्ल्यावर हल्ला करून त्याला सोडवायचा प्रयत्नही केला. 21 सप्टेंबरला तो इथे वारला, असं जाहीर झालं. तापलेल्या सळईनं त्याला मारल्याची ती भयंकर गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती नंतरच्या लिखाणातली आहे आणि आजचे बहुतेक इतिहासकार ती मानत नाहीत. एवढ्या माणसाची आठवण त्या एका सळईवर अडकून राहावी, याचा मला रागच येतो.

किल्ल्याला लागूनच एडवर्ड जेन्नरचं घर आहे. 1796 मध्ये त्यानं इथेच देवीची पहिली लस टोचली. ती लस बगदाद, बसरा करत मुंबईला पोचली आणि 14 जून 1802 रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. आजीच्या दंडावरचा "देवी काढल्याचा" गोल व्रण आठवला आणि मी त्या अंगणात जरा वेळ थांबले.

दुपारी ग्लॉस्टरला गेलो. राजाचा देह मरणानंतर तीन महिन्यांनी, 20 डिसेंबरला, तिथल्या मठात पुरला. आज तेच कॅथेड्रल आहे. मुलानं, तिसऱ्या एडवर्डनं, 1330 मध्ये मॉर्टिमरला फाशी दिलं, आणि बापाची ही समाधी त्याच्याच राज्यात उभी राहिली. वर नाजूक कोरीव दगडी मेघडंबरी, खाली अलाबास्टरचा राजा निजलेला. कुरळे केस, कुरळी दाढी, डोक्याशी दोन देवदूत, पायाशी सिंह. जिवंतपणी ज्याच्या बाजूनं फारशी माणसं उभी राहिली नाहीत, त्याच्या समाधीवर नंतर यात्रेकरू येऊन दान ठेवत.

मी अगदी जवळ जाऊन पाहिलं. त्या दुधी दगडावर जुन्या लोकांनी टोकदार काहीतरी घेऊन आपली आद्याक्षरं कोरली आहेत. भाची म्हणाली, "मावशी, आपल्याकडच्या किल्ल्यांवर कोरतात ना, तसंच." चेहरा मात्र शांत. तेवढ्यात संध्याकाळच्या प्रार्थनेआधीचा मुलांचा सराव सुरू झाला आणि आम्ही दोघी समाधीशेजारीच, भिंतीला टेकून ऐकत उभ्या राहिलो.