गुरुवार, साडेसातच्या आत

गुरुवार, रात्र. थंडी चांगलीच पडली आहे.

व्यावसायिक टेनिस गुरुवारी संध्याकाळी सुरू होतं, हे कॉलेजात कुणी सांगत नाही. आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धेचा आठवडा ज्या सोमवारी सुरू होतो, त्याच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी एन्ट्री बंद होते. ग्रिनिचची वेळ दुपारी २, म्हणजे आपल्याकडे साडेसात. नाशिकच्या गंगापूर रोडवर सराव संपवून पोरं घराकडे निघतात ती नेमकी हीच वेळ. नाव मागे घ्यायचं असेल तर १३ दिवस आधीचा मंगळवार. तो चुकवून माघार घेतली की दंड मागे लागू शकतो.

एन्ट्रीच्या आधी आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. त्यासोबत सचोटीचा, म्हणजे सट्टेबाजी आणि मॅच फिक्सिंगपासून दूर राहण्याचा, ऑनलाइन अभ्यासक्रमही पूर्ण करायचा असतो. तो नुसता क्लिक करत संपवू नये. ‘पाय दुखतोय का रे, उद्या खेळणार ना?’ असा अनोळखी मेसेज इन्स्टाग्रामवर येतो तेव्हा उत्तर द्यायचं नसतं, कळवायचं असतं. वीस वर्षांच्या मुलाला हे आधीच माहीत असलेलं बरं.

नाशिकमध्ये कॉलेजकडून खेळणं म्हणजे आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, मग पुणे विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आणि जमलं तर अखिल भारतीय. सगळे मिळून वर्षाला मोजके सामने होतात. तेवढ्यावर सर्किट, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांची साखळी, झेपत नाही. एटीपी (पुरुषांची व्यावसायिक जागतिक) क्रमवारी नसलेल्याला क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मेन ड्रॉआधीच्या पात्रता फेरीत, शिरायला आयटा (अखिल भारतीय टेनिस संघटना) क्रमवारी किंवा वर्ल्ड टेनिस नंबर हे खेळाचा दर्जा दाखवणारं मानांकन लागतं, आणि दोन्ही घडतात ते कॉलेजबाहेरच्या स्पर्धांत. म्हणून ‘टीवाय झालं की बघू’ हे वाक्य मला फार घातक वाटतं. एसवायच्या उन्हाळ्यातच आयटा स्पर्धांचा सपाटा लावायला हवा.

अमेरिकेतलं कॉलेज ही वेगळीच गोष्ट. तिथे एका लढतीत दुहेरीच्या तीन कोर्टांचा मिळून एक गुण, एकेरीचे सहा, आणि आधी चार मिळवेल तो संघ विजयी. जानेवारी ते मे हे सतत चालतं. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला, २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं एनसीएए, म्हणजे अमेरिकी कॉलेज स्पर्धेच्या, एकेरीचं विजेतेपद त्याने घेतलं आणि जानेवारी २००९ मध्ये वाइल्ड कार्डवर चेन्नई ओपनची अंतिम फेरी गाठली. दक्षिणेश्वर सुरेशही वेक फॉरेस्टमधून येऊन २०२५ मध्ये डेव्हिस कपच्या पदार्पणातच स्वित्झर्लंडविरुद्ध एकेरीचा सामना जिंकला. आपल्याकडे अजूनही ‘शिक्षण की टेनिस’ असा वाद घालतात. या दोघांकडे बघून तो थांबायला हवा.

तिथून येणाऱ्यालाही एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. कॉलेज टेनिसमध्ये ड्यूसला (४०-४० ला) एकच गुण, त्यात गेमचा निकाल. सर्किटवर एकेरीत ॲडव्हान्टेज असतं, म्हणजे सलग दोन गुण घ्यावे लागतात. एकाच गेममध्ये पाच-सहा ड्यूस झाले की एका घणाघाती सर्व्हिसवर सुटका करून घ्यायची सवय अंगाशी येते. मात्र क्वालिफाइंगचा तिसरा सेट म्हणजे दहा गुणांचा टायब्रेक. सरावात दोन्ही हवं.

आता गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा (गट) ओढून बसवणं, कारण याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हिवाळ्यात हवा कोरडी. इथे चेंडू पळतो, म्हणून पोरं गट घट्ट ठेवतात. तीच रॅकेट चेन्नईत काढली की दमट हवेत चेंडूची लव फुगते, तो जड होतो, बेसलाइनजवळ पडायचा तो सर्व्हिस लाइनलाच पडतो. मग मुलगा खांद्याने जोर लावतो आणि तिसऱ्या दिवशी कोपर धरून बसतो. इथे २४ किलो असेल तर तिथे २३ वर यावं. पॉलिएस्टर गट तुटत नाही म्हणून चालू ठेवू नये. दहा-बारा तासांच्या खेळानंतर त्यातला ताण गेलेला असतो. उभ्या तारा बोटाने बाजूला सारून बघाव्यात. आपोआप जागेवर आल्या नाहीत आणि जिथे आडव्या तारा घासतात तिथे खाचा दिसल्या, की कापून टाकावा. एका रॅकेटला साधारण १२ मीटर लागतो, २०० मीटरच्या रिळात सोळा रॅकेट होतात. सुटी पाकिटं घेण्यापेक्षा रीळ स्वस्त पडतं.

पैशांचं आधीच मांडून ठेवावं. एम१५ म्हणजे एकूण १५,००० डॉलर बक्षिसाची स्पर्धा. मेन ड्रॉच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला सुमारे १५० डॉलर, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या आसपास, त्यातून कर. ३२ जणांच्या ड्रॉमध्ये पहिली फेरी जिंकली की एटीपीचा एक गुण, तोही ५२ आठवड्यांनी गळतो. त्यामुळे एकट्या आठवड्यासाठी परदेशी जाणं परवडत नाही. ट्युनिशियात मोनास्टिरला एकाच ठिकाणी लागोपाठ स्पर्धा होतात. एका तिकिटात आणि एका व्हिसात तीन आठवडे खेळता येतात. पहिल्या आठवड्यात क्वालिफाइंगमध्ये हरला तरी सरावाला कोर्ट आणि जोडीदार हाताशी असतात.

सध्या इथे सकाळी सातला चेंडू गुडघ्याच्या वर उठत नाही. अशा चेंडूंवर पाय वाकतात, ते चांगलंच, पण सामने होतात दुपारच्या उन्हात, खांद्यापर्यंत उसळणाऱ्या चेंडूंवर. निघायच्या आधीचे दोन आठवडे सराव बारा ते अडीच करावा. जेवण साडेनऊला, वरण-भात आणि थोडी भाजी, मग तासातासाला अर्धं केळं. वेळापत्रकात ‘फॉलोड बाय’ लिहिलेलं असतं. तिसरा सामना एकला लागेल की चारला, हे आधीच्या दोन सामन्यांवर ठरतं आणि तोवर पोट ना भरलेलं चालत ना रिकामं.