वीस मुलांची शाळा तपासताना

वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेची गुणवत्ता पाहायला कोणी आले की नजर आधी रंगवलेल्या भिंतींवर आणि मग अहवालातल्या टक्केवारीवर जाते. पहिली ते चौथी मिळून वीस मुले आणि तिसरीत चारच असतील, तर एक मूल वाचनात अडखळताच वर्ग शंभर टक्क्यांवरून पंचाहत्तरवर येतो, आणि दिवाळीच्या सुमारास तेच मूल ऊसतोडीला निघालेल्या आईवडिलांबरोबर गेले की पुन्हा शंभर होतो. एवढ्या काळात शिकवण्यात काडीचाही फरक पडलेला नसतो.

म्हणून केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, असताना शाळाभेटीत मी एकेका मुलाला जवळ बसवत असे. दुसरीतले मूल पुस्तकातला धडा घडाघडा वाचते तेव्हा तो बहुधा पाठ झालेला असतो. त्याच तोडीचा न पाहिलेला उतारा दिला की खरे वाचन कळते. ४२ वजा १७ चे उत्तर ३५ आले, तर मुलाने दशक सुटा न करता सातातून दोन काढले आहेत, हे लगेच उमगते, आणि मग वहीत अशाच उत्तरावर लाल बरोबरची खूण दिसली, तर प्रश्न मुलाचा राहत नाही. 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या 'असर' या मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या पाहणीतल्या अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्या यासाठी पुरेशा आहेत. मोठ्या शाळेत नमुना निवडावा लागतो, इथे मात्र एका सकाळीत सगळी मुले तपासून होतात.

शाळासिद्धी या शाळेने स्वतःची गुणवत्ता मोजण्याच्या सरकारी चौकटीच्या स्वयंमूल्यमापनात ७ क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत. चौकट वाईट नाही, पण ती भरणारे मुख्याध्यापकच दोन इयत्ता शिकवत असतात, याचा विचार तिच्यात फारसा दिसत नाही.

माझ्या मते अशा शाळेची खरी कसोटी वेगळीच आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे गुरुजी पहिलीला शिकवत असताना दुसरीच्या मुलांकडे त्यांची पाठ असणार, हे ठरलेलेच आहे. त्या वेळी दुसरीची मुले फळा उतरवून काढत बसली आहेत, की जोडीने एकमेकांचे वाचन ऐकत आहेत, हे पाहावे. दुसरे शिक्षक प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेलेले असतील, त्या दिवशी तर आवर्जून पाहावे. मी भेटी शक्यतो अशाच दिवशी ठेवत असे. गुरुजींना ते फारसे रुचत नसे, हे सांगायला नकोच.